पोराकाच्या उतारावरचे वेल

सलग तिसऱ्या पहाटे रानात पांढरं पडलं. केताम उजाडताच उठली, नवऱ्याचं जुनं जाकीट अंगात घालून शेतावर गेली. पायाखालचं गवत कुरकुर वाजत होतं. रताळ्याच्या वेलांवर दव गोठून मिठासारखं बसलं होतं. उन्हं येईपर्यंत पानं हिरवीच दिसतात, माणसाला वाटतं वाचलं सगळं. उन्हं चढली की ती काळी पडतात आणि दुसऱ्या दिवशी हाताला चिकटायला लागतात. पहिल्या दिवशी ओढ्याकडचं रान गेलं होतं, दुसऱ्या दिवशी मधलं. आज घराजवळचे, रताळी लावलेले मातीचे ढिगारेही गेले. केतामनं एक वेल ओढून बघितला. तो मुळापासून सुटून हातात आला. तिनं तो फेकून दिला आणि हात जाकिटाला पुसले.

"किती ऱ्हायलं?" तिच्या नवऱ्यानं, याकोलेनं, झोपडीच्या दारातून विचारलं.

"जमिनीत हाय तेवढं. तीन हप्ते खाऊ. मग सडंल."

"आन् येल?"

"येक न्हाई."

याकोले खोकत राहिला. चार महिने झाले, त्याच्या छातीत कफ घर करून बसला होता. एके काळी हा माणूस भाषणाला उभा राहिला की पलीकडच्या डोंगरावरची माणसं कामं थांबवायची. आता एक वाक्य दोन दमांत बोलायचा. घरात हे दोघं आणि सून रूथ, सातव्या महिन्याची. मुलगा समुद्राकडच्या मळ्यांवर कामाला गेलेला, त्याचा वर्षभर निरोप नव्हता. दोन डुकरं होती. त्यांनाही रताळीच लागायची.

रताळ्याला बी लागत नाही. वेलाचा तुकडा खुपसायचा, त्यालाच रताळी धरतात. म्हणून वेल मेला की पुढचं अख्खं साल मेलं. लैपाके गावातल्या जुन्या माणसांना हे ठाऊक होतं, आणि म्हणूनच त्यांनी पोराका राखला होता. पोराका म्हणजे गावाच्या डोक्यावरचं जंगल. थंडी पाण्यासारखी खाली वाहत येते आणि खोलगटात साठते. उभ्या उतारावर ती थांबत नाही. अशाच एका उतारावर, झाडांच्या पोटात, याकोलेच्या आज्यानं चार वाफे केले होते. त्यातली रताळी खायची नाहीत, वेल फक्त जिते ठेवायचे. बाकीच्या जंगलात कुऱ्हाड न्यायची नाही, कुत्रा न्यायचा नाही, फास लावायचा नाही. फक्त रानात पांढरं पडेल त्या साली वाट उघडायची, बायकांनी वर जायचं, वेल आणायचे आणि वाट पुन्हा बंद करायची. केतामनं हे दोनदा केलं होतं. एकदा नवी नवरी असताना, एकदा पोर पाठीवर घेऊन.

आजूबाजूच्या डोंगरांवर कोणी असं काही राखलं नाही. तिथं झाडावर चढणारे कांगारू खाऊन संपले, लांब नाकाची काटेरी जनावरं कुत्र्यांनी संपवली, जुनी झाडं लाकूडवाल्यांनी नेली. पोराकात सगळं शिल्लक राहिलं. आणि शिल्लक राहिलं म्हणूनच तीन देशांची माणसं विमानानं, मग गाडीनं, मग पायी चालत लैपाकेला आली. राखलं याकोलेच्या बापजाद्यांनी, आणि वाटेवर पाटी लागली ती त्या लोकांची. पाटीवर त्यांच्या संस्थांची पाच गोल चित्रं होती. पाटी चांगल्या जाड पत्र्याची होती, एवढं मात्र गावानं कबूल केलं.

जंगल बंद ठेवायचा त्यांच्याशी करार झाला त्या दिवशी याकोलेनं स्वतःचं डुक्कर मारलं होतं. त्याच्यावर हात ठेवून तो सगळ्यांसमोर बोलला होता. "पोराका बंद. आधीबी बंद हुता, हितनं फुडंबी बंद. पर रानात पांढरं पडलं, की वाट उघडंल आन् आमच्या बायका येल आनाया वर जातील." मग तापल्या दगडांच्या खड्ड्यात डुक्कर शिजलं. पाहुण्यांनी खाल्लं, गावानं खाल्लं. लैपाकेत डुकरावर हात ठेवून बोललेला आणि डुकराबरोबर खाल्लेला शब्द बाप मेला तरी बदलत नाही. कागद त्यानंतर आला. याकोलेनं हसत अंगठा उठवला. "इसरभोळी मानसं हायेत बिचारी," तो केतामला म्हणाला होता, "लिवून ठिवल्याबिगर ध्यानात ऱ्हात न्हाई त्यांच्या."

कागदात पांढऱ्याचं काहीच नव्हतं. मध्ये दुभाषा होता तो याकोलेच्या मेलेल्या भावाचा मुलगा, इझाया. त्याला केतामनंच पोसलं होतं.

*

घराजवळचे ढिगारे गेले त्याच दिवशी केताम कपाळावरून पाठीवर झोळी सोडून वर निघाली. वाटेत आडवा ओंडका टाकला होता. त्याच्याजवळ इझाया पहाऱ्याला उभा होता. हिरवा सदरा, काळे बूट, कमरेला बोलायचं यंत्र.

"काकी, परत जा," तो म्हणाला.

"पांढरं पडलंय."

"माहीत आहे."

"मग वाट सोड."

"कागदात तसं नाही, काकी."

"कागद कुनी खाल्ला? डुक्कर खाल्लंस तू. मांडीचं मटान मीच वाढलं हुतं तुला, दोनदा."

इझाया बुटांकडे बघत राहिला. नवे बूट होते, त्याला जरा मोठे. "आम्ही सगळ्यांनाच अडवतोय. तुला सोडलं तर माझी नोकरी जाईल. गेब्रिएल साहेब तांदूळ देणार आहेत सगळ्या घरांना. ज्यांनी नियम पाळला त्या सगळ्यांना."

"तांदूळ लावता येतो का रं ढिगाऱ्यात?"

तो नखानं ओंडक्याची साल काढायला लागला.

"सांग की. तुला शाळा शिकवली आमी. तांदूळ खुपसला तर काय उगवतं?"

"काकी, वर जाऊन उपयोग नाही."

"का न्हाई?"

"नाही म्हणजे नाही. घरी जा." त्यानं हे इतक्या घाईनं म्हटलं, की केतामला राग आला. लहानपणी हा असाच बोलायचा. अंगणातली रताळी चोरून खायची, वर घाईघाईनं दुसऱ्याचं नाव घ्यायचं. तिनं ओंडक्यावर थुंकून पाठ फिरवली.

पण ऐकेल ती केताम कसली. दुसऱ्या दिवशी ती ओढ्याच्या अंगानं चढली. ती वाट बायकांनाच ठाऊक होती. कमरेएवढ्या थंड पाण्यातून, शेवाळलेल्या दगडांवरून. पन्नाशीचे गुडघे, त्यात सकाळी पोटात एक रताळं. अर्ध्यावर गेल्यावर बघते तर दरड कोसळलेली. एवढे दिवस पाऊस नसल्यानं माती भुसभुशीत झाली होती, पाय टाकला की सगळी खाली यायची. ती तीनदा चढली आणि तीनदा घसरून खाली आली. शेवटी हाताची कातडी सोलली तेव्हा ती परत फिरली. उतरताना एका जाड झाडाआड ती लघवीला बसली. झाडाला पट्ट्यानं बांधलेली एक हिरवट डबी होती. केतामला ती बुरशीसारखी दिसली. तिनं तिच्याकडे लक्षही दिलं नाही.

*

पुढच्या आठवड्यात तांदूळ आला. गेब्रिएल हा किनाऱ्याकडच्या शहरातला माणूस, त्या संस्थांचा इथला कारभारी. त्यानं माणसं गावच्या ख्रिस्ताच्या देवळात बसवली. खिडक्यांना चटया लावून अंधार केला, भिंतीवर पांढरी चादर टांगली. आधी चित्रं, मग तांदूळ. बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे. केताम आणि रूथ मधल्या रांगेत बसल्या.

"तुम्ही राखलेलं जंगल आज सगळ्या जगाला दिसतंय," गेब्रिएल म्हणाला. "बघा."

चादरीवर कांगारूची मादी आली, पोटाच्या पिशवीतून पिल्लाचं डोकं बाहेर काढलेलं. लोक हसले, टाळ्या वाजल्या. मग लांब नाकाचं काटेरी जनावर, मग कोणाचा तरी कुत्रा. "हा कुत्रा कोणाचा?" गेब्रिएलनं विचारलं, आणि मागून कोणीतरी म्हणालं, "त्याला इचारा की साहेब, त्योच सांगंल." पुन्हा हसू झालं.

मग चादरीवर केताम आली.

परकर वर घेतलेला, उकिडवी बसलेली, तोंड बाजूला वळवलेलं. भिंतीएवढी मोठी. मांडीवरचा भाजल्याचा जुना डाग दिसत होता. तो डाग नवऱ्याशिवाय आजवर कोणी बघितला नव्हता.

एकदोन पोरं हसली. मग बाहेर डुकरं भांडत होती ती देवळात ऐकू आली. गेब्रिएलचा हात चित्रांच्या यंत्रावर घुटमळला. "हे... अशी माणसं नियम मोडतात, हे दाखवायचं होतं," तो म्हणाला. त्याला बहुतेक चित्र नीट ठाऊक नव्हतं, किंवा असेल. इझाया भिंतीकडे तोंड करून उभा होता. काकीचं उघडं अंग पुतण्यानं बघणं म्हणजे काय, हे त्याला समजावून सांगायची गरज नव्हती. चित्रं डब्यांतून काढून आणणारा तोच होता. पुरुषांच्या बाजूला याकोले मान खाली घालून बसला. तो खोकत होता, खोकला दाबत होता, पुन्हा खोकत होता.

"आत्याबाई, चला," रूथनं तिचा दंड धरला.

केताम उठली. सगळ्या रांगेच्या गुडघ्यांवरून पाय टाकत दारापर्यंत गेली. तांदळाची पोती दाराशीच रचली होती, पोत्यांवर तीच पाच गोल चित्रं. तिनं तांदूळ घेतला नाही.

घरी याकोले म्हणाला, "भरपाई मागू. बाईची अब्रू गेली, डुक्कर द्यावं लागंल त्यांना. पंचांकडं जाऊ."

पंच गेब्रिएलकडे गेले. गेब्रिएल म्हणाला, चित्र पुसून टाकलं आहे, आता ते कुठंच नाही. पंचांनी तो निरोप केतामला आणून दिला. "पुसलं म्हनं," एक पंच चाचरत म्हणाला.

"भित्तीवरनं पुसलं आसंल," केताम म्हणाली. "साठ मानसांच्या डोळ्यांतनं पुसलं का? तुमच्या डोळ्यांतनं?"

पंच उठून गेले. त्यानंतरचे पंधरा दिवस केताम पाण्याला मागच्या वाटेनं जाऊ लागली, कारण पुढच्या वाटेवर बसलेली माणसं ती आली की बोलणं थांबवत. जमिनीतली रताळी काळी पडायला लागली होती. ती चिरायची, सडका भाग डुकरांना, उरलेला माणसांना. रूथ स्वतःच्या वाटणीतलं सासूच्या पानात सरकवायची, सासू ते परत तिच्या पानात. दुपारी पश्चिमेला ढग गोळा व्हायला लागले होते. पाऊस आला की आठ दिवसांत लावण करायला हवी. ढिगारे केतामनं कधीच तयार करून ठेवले होते. पाला पुरून, माती भुसभुशीत करून, ओळीनं. त्यात खुपसायला काही नव्हतं.

*

त्या लोकांची मोठी तुकडी आली ती सोमवारी. वर आठ दिवस तळ ठोकायचा, नव्या झाडांची नोंद करायची, जनावरांना गळपट्टे बांधायचे. गावातल्या पुरुषांना हमालीचं काम मिळालं होतं, म्हणून सगळे सकाळपासून दाढ्या करून हजर. सामान पाटीजवळ वाटेवरच मांडलं होतं. तंबू, दोर, डबाबंद मासळी, तांदूळ, त्या हिरवट डब्यांची पेटी, बॅटऱ्या, हमालांना द्यायचे नवे बूट. एकापुढे एक, सव्वीस बोजे, ओंडक्यापासून सुरूच्या झाडापर्यंत.

लैपाकेतल्या माणसानं हे सामान उंचावर ठेवलं असतं, फळीवर नाहीतर दगडावर. पाहुण्यांनी जमिनीवर मांडलं. सांगायला इझाया होता, पण तो हल्ली कोणाला काही सांगत नसे.

केताम मागून आली. हातात काही नव्हतं. ती पहिल्या बोजाजवळ थांबली, तिनं दोन्ही हातांनी परकर गुडघ्यापर्यंत उचलला आणि बोजा ओलांडला. मग दुसरा. घाई नाही. तंबूवरून, दोरांवरून, मासळीवरून. बुटांचे जोड तिनं एकेक करून ओलांडले.

"काकी," इझाया ओरडला, पण पुढे आला नाही.

बाई जी वस्तू ओलांडून गेली ती पुरुषानं उचलायची नाही, हा लैपाकेचा नियम. उचलली तर हातातलं बळ जातं, छाती बसते, पोरं होत नाहीत. केतामची पाळी जाऊन तीन वर्षं झाली होती, पण नियम बाईचा होता, वयाचा नव्हता. तरणी पोरं रविवारी देवळात या असल्या गोष्टींना हसत. आज एकही हसलं नाही. हमालीला आलेले पुरुष दोन पावलं मागे सरकले, मग आणखी दोन.

डब्यांची पेटी शेवटची होती. केताम तिच्यावर दोन पाय दोन बाजूंना ठेवून उभी राहिली आणि तिथंच थांबली. "आता घ्या चित्रं," ती म्हणाली.

गेब्रिएल धावत आला. "हा काय मूर्खपणा आहे? उचला रे. कोणी मानतं का हे असलं?"

"तू मानत न्हाईस न्हवं?" केताम पेटीवरून बाजूला झाली. "मग तू उचल."

त्यानं रागानं एक बोजा खांद्यावर घेतला. दहा पावलं गेला, मग वळून मागे राहिलेल्या पंचवीस बोजांकडे बघितलं आणि होता तो खाली ठेवला. मागून एक म्हातारा म्हणाला, "गडी जोरदार हाय, आठ दिसांत पोचवंल समदं." 

तेवढ्यात ब्रिगिट आली. तुकडीतली, झाडांचा अभ्यास करणारी बाई. केस पिकलेले, दोन्ही गुडघ्यांना पट्ट्या बांधलेल्या. दर साली यायची, गावाच्या भाषेतले चार शब्द तिला यायचे. "काय झालं?" तिनं विचारलं. "का थांबले?"

केताम इझायाकडे वळली. "सांग तिला. आज नीट सांग. डुकराच्या दिवशी अर्धं गिळलंस, आज गिळू नगंस."

इझाया सांगायला लागला. डुकराचं सांगितलं, याकोलेचा शब्द सांगितला, पांढरं, वेल, ओंडका सांगितला. चित्राशी आल्यावर तो केतामकडे पाठ करून उभा राहिला, आणि त्यानं तेही सांगितलं. ब्रिगिटचा चेहरा गळ्यापासून लाल होत गेला. तिनं गेब्रिएलला त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं. तो खांदे उडवत बोलत राहिला.

"कागदात नाही," ब्रिगिट इझायाला म्हणाली. "पण म्हातारा बोलला होता?"

"बोलला होता. गेब्रिएल साहेब म्हणाले लांबण लावू नको, म्हणून मी सांगितलं नाही."

याकोले गर्दीत काठी टेकून उभा होता. हे ऐकून त्यानं डोळे मिटले.

ब्रिगिटनं याकोलेकडे बघितलं. मग केतामला म्हणाली, "मी चूक. आम्ही चूक. डुक्कर देऊ."

"डुकराचं मागनं बगू. आदी येल."

"वेल आणा. कोणी अडवणार नाही. मी सांगते." तिनं बोजांकडे हात केला. "हे पुरुष नेत नाहीत. बायका नेतील?"

बायकांमध्ये कुजबुज झाली. बाईनं ओलांडलेलं बाईला चालतं. केतामनं एकदा ढगांकडे बघितलं. "नेतील," ती म्हणाली. "जाताना तुमचं वझं, येताना आमचं. आन् हमाली बायांच्या हातात. बाप्यांच्या न्हाई."

हे शेवटचं वाक्य इझायानं भाषांतर करायच्या आतच बायका हसल्या. पंधरवड्यात पहिल्यांदा कोणीतरी केतामच्या तोंडाकडे बघून हसलं.

*

सव्वीस बायका ओंडका ओलांडून चढल्या. कपाळावर झोळ्यांचे पट्टे, माना पुढे, पाठी वाकलेल्या. केतामनं डब्यांची पेटीच घेतली होती. पेटीचा कोपरा कमरेत रुतत होता. घाम डोळ्यांत उतरत होता आणि तो पुसायला हात मोकळा नव्हता. वाटेवर झाडांना गुलाबी फिती बांधलेल्या. प्रत्येक झाडावर एक आकडा. केतामला या झाडांची नावं ठाऊक होती, कोणत्या झाडाखाली सासऱ्याची काठी हरवली होती हेही ठाऊक होतं. आकडे तिनं वाचले नाहीत.

इझाया मोकळ्या हातानं मागून येत होता. दुपार कलली तसा तो पुढे येऊ लागला. शेवटच्या वळणावर तो केतामच्या बरोबरीला आला.

"काकी, थांब जरा."

"वझं हाय पाठीवर. बोल चालता चालता."

"खाली उतरव. मला सांगायचंय."

"तवा वाटंवर सांगायचं हुतंस," ती म्हणाली आणि वळण चढून गेली.

उतार समोर होता. चार वाफे जिथं होते तिथं आता ओळीनं रोपं लावली होती. वीतभर उंचीची, प्रत्येकाला काठी, काठीला प्लॅस्टिकची चिठ्ठी. दोनेकशे असतील. माती स्वच्छ खुरपलेली होती. वेलाचं एक पान नव्हतं. वरच्या कडेला वाळलेल्या पाचोळ्याचा छातीएवढा ढीग पडला होता.

केतामनं पेटी पाठीवरून सोडली. ती दगडावर आपटली. मागच्या बायका एकेक करून वळणावर येऊन थांबल्या.

"कवा?" केतामनं विचारलं.

"पांढरं पडायच्या आधी. दोन महिने झाले," इझाया म्हणाला. "नकाशात ही मोकळी जागा दिसली. रताळं जंगलातलं नाही, बाहेरचं आहे, काढा म्हणाले. इथं जंगलातली झाडं लावायची म्हणाले."

"आन् तू काय म्हनलास?"

"मी म्हटलं आमचं आहे. गेब्रिएल साहेब म्हणाले, कागदात नाही."

"काढलं कुनी?"

इझायाचे हात खाली लोंबत होते. "आम्ही चौघांनी. मी."

केतामचा हात वर गेला. मग तिच्या ध्यानात आलं, की हाताला दुसरं काम आहे. ती ढिगाकडे गेली आणि गुडघ्यांवर बसून ढीग उपसायला लागली. वरचे वेल हातात धरताच भुगा होत होते. मधले वाळलेले होते, ताणले की तटकन तुटत होते. सून घरी सडकी रताळी चिरत बसली असेल, आणि इथं हिरवेगार वेल दोन महिने ढिगात वाळत पडले होते, वाटेवर पुतण्या पहारा देत होता. शिवी द्यावी असं तिच्या फार मनात आलं. पण कोणाला द्यायची, हेच कळेना. याची आई मेली तेव्हा हा आठ महिन्यांचा होता, केतामनं स्वतःच्या पोराबरोबर याला अंगावर पाजलं होतं. ती उपसत राहिली.

बाकीच्या बायका बोजे टाकून आल्या आणि दोन्ही बाजूंनी बसल्या. सगळ्यांच्याच घरात तीच गत होती. ढीग तळाशी आला. तिथं मातीला टेकलेला, ओलीत राहिलेला एक वेल निघाला. एका बाजूनं त्यानं मातीत मुळं धरली होती. हात-दीड हात लांब. त्याच्याशेजारी आणखी एक, अर्धा कुजलेला. केतामनं दोन्ही वेल अंगठ्याच्या नखानं तोडले, कुजकं टाकलं. अकरा तुकडे झाले. सव्वीस घरं, अकरा तुकडे. ते खाली नेऊन चालणार नव्हतं, खाली पांढरं पुन्हा पडलं असतं. इथंच लावायचे, इथंच वाढवायचे. पावसाळाभर वेलाचे वेल करायचे, आणि मग पुढच्या साली वाटायचे. या साली पोराकाकडून कोणाला काही मिळणार नव्हतं. तांदूळ खायचा, पाच गोल चित्रांचा, जेवढा देतील तेवढा. रूथचं मूल त्याच तांदळावर व्हायचं.

ब्रिगिट मागून पट्ट्या सावरत चढून आली. तिनं उतार बघितला, बायका बघितल्या, इझायाचं तोंड बघितलं. तिला सांगावं लागलं नाही. तिच्या हातातल्या नकाशावर हीच जागा हिरव्या रंगानं भरलेली होती. "मला माहीत नव्हतं," ती म्हणाली.

"ठाव हाय तुला ठाव नव्हतं," केताम म्हणाली. "कुनालाच काई ठाव नसतं. हिकडं ये."

ब्रिगिट आली. केताम पहिल्या वाफ्याच्या कडेला बसली. तिनं एका रोपाभोवती दोन्ही हात मातीत घातले आणि मुळं तुटू न देता, मातीच्या गोळ्यासकट ते वर काढलं. रोप चांगलं होतं, मन लावून वाढवलेलं. त्यात त्याचा काही दोष नव्हता. तिनं ते ब्रिगिटच्या हातात दिलं, रिकाम्या खळग्यात वेलाचा एक तुकडा आडवा ठेवला आणि मूठभर माती लोटून तळव्यानं दाबली.

मग दुसरं रोप. मग तिसरं. ब्रिगिटनं नकाशा काखेत धरला, मग तो खाली पडला. ओली माती तिच्या सदऱ्यावरून खाली ओघळत होती. सात रोपं झाल्यावर तिला हनुवटीनं दाबून धरावं लागलं. अकराव्या वेळी केतामला ते रोप तिच्या कोपरात खोचावं लागलं.

इझाया पुढे झाला. "मी घेतो."

"तू न्हाई," केताम म्हणाली. "तिला धरू दे."

ब्रिगिट रोपं सावरत जागेवरच वळली. तिनं आजूबाजूला बघितलं. सगळीकडे तिचीच रोपं लावलेली होती, पाय ठेवायलाही जागा नव्हती. "कुठं ठेवू?" तिनं विचारलं.

केताम अकराव्या तुकड्यावर माती दाबत होती. "मी सांगीन तवा," ती मान वर न करता म्हणाली, आणि बाकीच्या बायकांना पाणी आणायला ओढ्यावर पाठवून दिलं.